मोटार कोणाची, माग कोणाचे? पूर्व भागातल्या एका घराच्या विक्रीचं प्रकरण

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातलं आहे. घर विकलं की कोणती वस्तू घरासोबत जाते आणि कोणती विकणाऱ्याकडे राहते, यावरून उठलेला हा वाद. दोन्ही घरांना विचारून लिहितो आहे. नावं घेतलेली नाहीत, रकमा थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत. या व्यवहाराचे दस्त मी केले होते, त्यामुळे जे चुकलं त्यातला माझा वाटाही यात आहे.

पार्श्वभूमी

विकणाऱ्या अक्का ६८ वर्षांच्या. अशोक चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांचं घर. पुढे बैठकीची खोली, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर, सगळीकडे शहाबादी फरशी. वरच्या दोन खोल्या मुलाच्या लग्नाच्या वेळी चढवलेल्या. परसात तुळशीवृंदावन, एक शेवगा आणि त्याच्या पलीकडे पत्र्याचं शेड. शेडमध्ये टॉवेलचे चार यंत्रमाग. सासऱ्यांच्या काळात तिथं हातमाग होते, अक्कांच्या यजमानांनी यंत्रमाग बसवले. यजमान गेले आणि माग बंद पडले. तीन वर्षं त्यांच्यावर जुन्या चादरी पांघरलेल्या होत्या. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी भिवंडीत दिलेली. अक्कांनी मुलाकडे जायचं ठरवलं.

घेणारं जोडपं तिशीतलं. ते पतसंस्थेत कामाला, त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. अक्का त्यांना पहिल्या दिवसापासून ‘बाई’ म्हणायच्या. जुळे सोलापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते, सोबत आईवडील. व्यवहार ठरला ४६ लाखांना, त्यातले ३२ लाख बँकेचं कर्ज.

हे लोक घर बघायला तीनदा आले. पहिल्यांदा आले तो नेमका पाण्याचा दिवस होता. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. त्या दिवशी हौद भरायचा, हौदातून मोटारीनं गच्चीवरच्या टाक्या भरायच्या आणि पुढची पाळी येईपर्यंत त्यावर काढायचं. अक्का बोलता बोलता उठल्या, जिन्याखालचं बटण दाबलं, मोटार सुरू झाली आणि थोड्या वेळानं वरच्या टाकीत धार पडल्याचा आवाज आला. बाईंनी मला नंतर सांगितलं, “तो आवाज ऐकला आणि मी मनातल्या मनात हो म्हटलं.”

पौषात कोणी विसार देत नाही. संक्रांत झाली, गड्ड्याची जत्रा आटोपत आली आणि जानेवारीच्या शेवटी ५१ हजारांचा विसार झाला. फेब्रुवारीत साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, नोंदवलं, पाच लाख दिले. खरेदीखत अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी करायचं आणि ताबा तृतीयेच्या मुहूर्तावर द्यायचा, असं ठरलं.

साठेखतात मिळकतीच्या वर्णनाखाली मी ते नेहमीचं वाक्य घातलं होतं: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह व तदंगभूत वस्तूंसह दरोबस्त. आपल्याकडच्या दस्तांत हे वाक्य पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. जमिनीखाली पुरलेलं धन निघालं तर ते कोणाचं, याचीसुद्धा त्यात सोय आहे. जिन्याखालची मोटार, छताचे पंखे, भिंतीवरचा गिझर यांबद्दल मात्र त्यात एक अक्षर नाही. मी ते घातलं, दोन्ही बाजूंना वाचून दाखवलं, दोघांनी माना डोलावल्या. ‘तदंगभूत’, म्हणजे घराच्या अंगाच्या वस्तू, यात नेमकं काय येतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

अडचण

खरेदीखताला पाच दिवस राहिले असताना मुलगा सुट्टी काढून पुण्याहून आला, टेम्पो ठरवला, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर बोलावले. दोन दिवसांत सामान निघालं. सामानासोबत पंखे, ट्यूबलाइट, गिझर, इन्व्हर्टर, पडद्यांचे रॉड, माजघरातला झोपाळा, देवघर, जिन्याखालची मोटार आणि गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्याही निघाल्या. बोअरमधली मोटार तेवढी राहिली, कारण ती वर ओढायला आणखी माणसं लागली असती.

संध्याकाळी जोडपं गृहप्रवेशाच्या तयारीसाठी माप घ्यायला गेलं. गच्चीवर टाक्यांच्या जागी सिमेंटचे दोन गोल कट्टे होते आणि पाइपांची तोंडं प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधलेली होती. रात्री नऊ वाजता मला फोन आला. ते म्हणाले, “साहेब, उद्या बँकेला सांगतो, डीडी काढू नका म्हणून. आम्ही घर बघितलं ते हे नव्हतं.”

मुलाशी बोललो. तोही तितकाच दुखावला होता. मोटार गेल्याच वर्षी त्यानं स्वतःच्या पैशानं बसवली होती. टाक्या त्यानं आणल्या होत्या, गिझर त्याच्या पहिल्या पगारातला. “घर विकलंय, संसार नाही विकला आम्ही,” असं तो म्हणाला.

दोघंही खरं बोलत होते. घर बघणारा माणूस जे जे चालू अवस्थेत बघतो ते घराचंच धरून चालतो. विकणारा जे जे स्वतः विकत आणलं ते आपलं धरून चालतो. या दोन समजुती विसारापासून शेजारी शेजारी नांदत होत्या. तीन महिन्यांत त्या एकमेकींसमोर कधी आल्या नाहीत, कारण आम्ही फक्त रक्कम, हप्ते आणि तारखा बोलत होतो.

दुसरा वाद त्याच रात्री निघाला. शेड पाडून तिथं गाडी लावायची, असं जोडप्यानं ठरवलं होतं. माग भंगारात देऊन पाडकामाचा खर्च निघेल, असा त्यांचा हिशोब. इकडे अक्कांनी एका भंगारवाल्याशी मागांचा सौदा आधीच बोलून ठेवला होता. तेच चार माग दोन घरांच्या हिशोबात धरलेले होते.

कायद्याची बाजू

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ३ मध्ये ‘जमिनीशी जोडलेलं’ म्हणजे काय, हे तीन प्रकारांत सांगितलं आहे. एक, झाडाझुडपांसारखं मुळं धरलेलं. दुसरं, भिंती-इमारतींसारखं जमिनीत रोवलेलं. आणि तिसरं, अशा रोवलेल्या गोष्टीला तिच्याच कायमच्या लाभदायक उपभोगासाठी जोडलेलं. कलम ८ म्हणतं की वेगळा इरादा दिसत नसेल तर घरासोबत कुलपं, किल्ल्या, गज, दारं, खिडक्या आणि घराबरोबर कायम वापरासाठी दिलेल्या इतर सगळ्या वस्तू घेणाऱ्याकडे जातात.

म्हणजे प्रश्न दोन. वस्तू कशी जोडली आहे, आणि कशासाठी जोडली आहे. ती कोणी आणली, कोणाच्या पगारातून आली, हे प्रश्न कायदा विचारत नाही. मुलाला हे पटायला वेळ लागला आणि त्यात मला आश्चर्य वाटलं नाही.

कलम ५५ प्रमाणे करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत विकणाऱ्यानं मिळकतीची काळजी शहाण्या मालकासारखी घ्यायची असते. साठेखतानंतर घराच्या अंगाच्या वस्तू काढून नेणं यात बसत नाही. पण ‘अंगाच्या वस्तू’ कोणत्या हे लिहिलेलंच नसेल तर भांडण पुन्हा तिथंच येतं.

मागांचं कोडं जास्त खोल होतं. ते जमिनीतल्या पायाला नट-बोल्टांनी घट्ट बसवलेले होते. नवल म्हणजे इंग्लंडमधला या विषयावरचा सगळ्यात गाजलेला खटला मागांचाच आहे. १८७२ सालच्या त्या खटल्यात गिरणीच्या फरशीला खिळ्यांनी ठोकलेले माग सहज काढता येत असूनही इमारतीचाच भाग ठरले. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी तिथं दगडांचं उदाहरण दिलं: बिन-चुन्याची भिंत रचली तर तेच दगड जमिनीचा भाग होतात, आणि बांधकामवाल्याच्या आवारात सोयीसाठी रचून ठेवले तर होत नाहीत. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र सिरपूर पेपर मिल्सच्या अबकारी प्रकरणात काँक्रीटच्या पायावर बसवलेलं यंत्र जंगम, म्हणजे हलवता येणारं, मानलं, कारण ते जोडलं होतं ते चालताना हलू नये म्हणून. आपल्या कलम ३ चे शब्दही त्याच बाजूला झुकतात. माग जमिनीला जोडले ते मागाच्या सोयीसाठी. जमिनीला त्यांचा काही उपयोग नाही.

शिवाय दस्तातला एक शब्द अक्कांच्या बाजूनं होता. साठेखतात मी ‘मागील बाजूस पत्र्याचे शेड’ असं लिहिलं होतं. तिथं ‘यंत्रमाग कारखाना’ असं लिहिलं असतं, तर माग घरासोबत विकले असं म्हणायला चांगली जागा झाली असती.

समोर होते ते पर्याय

पहिला, नोटीस. ती मी लगेच बाजूला ठेवली. मोटार आणि दोन टाक्या मिळून वीस-बावीस हजारांचा मामला, त्यासाठी ४६ लाखांचा व्यवहार कोर्टाच्या दारात नेणं म्हणजे दोन्ही घरांचं नुकसान. अक्कांच्या वयात आणि बाईंच्या कर्जाच्या हप्त्यांत ते बसणारं नव्हतं.

दुसरा, किमतीतून वजावट. घेणाऱ्यांना हा आवडला होता: पन्नास हजार कापा, नवीन वस्तू आम्ही आणतो. पण रक्कम कोणी ठरवायची? जुन्या मोटारीचा भाव की नव्या मोटारीचा? शिवाय खरेदीखताची रक्कम बदलली की बँकेची मंजुरी पुन्हा बघावी लागली असती.

तिसरा पर्याय मुलानं सुचवला. काही रक्कम ‘फर्निचरची’ म्हणून वेगळी दाखवायची आणि दस्तात घराची किंमत तेवढी कमी लिहायची, म्हणजे मुद्रांक शुल्क वाचेल. हा मी सरळ नाकारला. मुद्रांक शुल्क दस्तातली किंमत आणि शासनाच्या वार्षिक दर तक्त्याप्रमाणे येणारं मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. आणि खोटा आकडा लिहिलेला दस्त पुढे आयुष्यभर सांभाळावा लागतो. जंगम वस्तू खरोखर विकायच्या असतील तर खऱ्या भावानं, चेकनं, वेगळी पावती करून विकाव्यात. त्याला काही हरकत नाही.

चौथा, तारीख पुढे ढकलायची. अक्षय तृतीया सोडायला दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांची तयारी नव्हती.

पाचवा, सगळ्यांनी घरात एकत्र जाऊन एकेक वस्तू ठरवायची. विसाराच्या दिवशी करायचं काम तीन महिने उशिरा करणं, एवढाच त्याचा अर्थ होता. तेच करायचं ठरलं.

वही घेऊन घरात

भेट माझ्या ऑफिसात ठेवली नाही. ऑफिसात माणसं कागदाकडे बघून बोलतात. मी सकाळी साडेसातला घरीच बोलावलं, कारण उन्हाळ्याचे दिवस आणि पंखे तर निघालेले. दोन्ही घरांतली सगळी मोठी माणसं या, असा माझा आग्रह होता. मुलगी भिवंडीहून येऊ शकली नाही, तिला फोनवर घेतलं. बाईंनी शाळेची दोनशे पानी वही आणली होती. तीन रकाने आखले: राहील, जाईल, पैसे देऊन राहील.

सोप्या गोष्टींपासून सुरुवात केली, हे बरं झालं. दारं, खिडक्या, कड्या-कोयंडे, ओट्याची फरशी, भिंतीतली कपाटं: राहील. फ्रिज, कपडे धुण्याचं यंत्र, पलंग, कूलर: जाईल. गॅसची जोडणी माणसाच्या नावावर असते, घराच्या नाही, ती अक्कांनी एजन्सीत जाऊन हस्तांतरित करायची. विजेचं मीटर जागेवर राहतं, नाव बदलतं. शेडचं थ्री फेज कनेक्शन वेगळं होतं, ते बंद करून अनामत परत घ्यायची ती अक्कांनी. ताबा देण्याच्या दिवसापर्यंतचा मिळकत कर, पाणीपट्टी आणि वीजबिल अक्कांचं. वीस मिनिटांत वहीची दोन पानं भरली आणि सगळ्यांचे आवाज खाली आले.

स्वयंपाकघरात फरशीत बसवलेलं दगडी उखळ होतं. ते काढायचं तर फरशी फोडावी लागेल, म्हणून राहील. पाटा-वरवंटा सुटा होता, तो जाईल. अक्कांनी वरवंटा उचलून बाईंच्या हातात दिला, “बघा, किती झिजलाय,” म्हणाल्या आणि परत घेतला. शेवग्याचं मूळ जमिनीत, त्यामुळे झाड राहील. ते तोडून गाडीला वाट करायचा विचार जोडप्याच्या मनात होता, तेव्हा शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे तिथंच सांगितलं. वृंदावन चिरेबंदी होतं, ते राहील. अक्कांनी मंजिऱ्या आधीच एका डब्यात काढून ठेवल्या होत्या.

पंखे, ट्यूब, गिझर यांवर मी मत दिलं नाही. पंखा काढला तर छताला काही होत नाही. गिझर दोन स्क्रूंवर टांगलेला असतो. कोणी या बाजूनं वाद घालेल, कोणी त्या. बाईंचे यजमान म्हणाले, “आमचे पंखे आमच्याकडे आहेत, फक्त भिंतीची भोकं बुजवून द्या.” गिझर आणि इन्व्हर्टर मुलाकडेच राहिले, पडद्यांचे रॉड त्यानं आपणहून ठेवले.

मग जिन्याखाली आलो. तिथं मोटारीचा छोटा कट्टा, दोन उघडे बोल्ट आणि तेलाचा काळा डाग. मुलानं पुन्हा बिलाची तारीख सांगितली. मी कलम ८ समजावलं: हौद घराचा, पाइपलाइन घराची, टाकीचे कट्टे घराचे, आणि या सगळ्यांचा उपयोग व्हावा म्हणून बसवलेली मोटार, ती घराबरोबर कायम वापरासाठीच दिलेली म्हणायची. तो ऐकत होता, पण मान हलत नव्हती.

अक्का पायरीवर बसल्या होत्या. त्या मुलाला तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि मग आमच्याकडे वळून मराठीत, “घर दिलं म्हणजे पाणी दिलं की ओ. पाण्यावाचून घर कसलं? ह्या बाई शाळेतनं येणार आणि हौदातनं बादल्या काढणार का?”

मोटारीचा प्रश्न तिथं संपला. माझ्या कलमांनी तो संपला नसता, हे मला कबूल केलं पाहिजे. मोटार आणि एक टाकी राहील. दुसरी टाकी मुलाला पुण्यात हवीच होती, ती जाईल, आणि त्याबद्दल घेणाऱ्यांनी काही मागायचं नाही.

झोपाळ्याबद्दल मुलीनं फोनवरून एवढंच विचारलं, “अप्पांचा झोपाळा आहे ना आपल्याकडंच?” सागवानी पाट आणि पितळी साखळ्या जाईल, छतातल्या लोखंडी कड्या राहील. देवघर लाकडी, भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेलं, जाईल, कोनाडा राहील.

शेवटी दारातली पाटी. संगमरवराच्या तुकड्यावर यजमानांचं नाव कोरलेलं, भिंतीत सिमेंटनं पक्कं केलेलं. कायद्याच्या दोन्ही कसोट्यांवर ती भिंतीचाच भाग ठरते. अक्कांनी मागितली नाही. बाईंनीच वहीत ‘जाईल’च्या रकान्यात लिहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, “गवंडी आपण बोलावू.”

मागांचा निर्णय

माग अक्कांचे, यावर शेडमध्ये फार वाद झाला नाही. दस्तातला शब्द आणि बोल्टचा हेतू दोन्ही त्यांच्या बाजूनं होते. घेणाऱ्यांना राग आला तो वेगळ्याचा: माग त्यांना मिळणार नाहीत, आणि ताब्याच्या दिवशी ते शेडमध्येच असणार. भंगारवाला पंधरा दिवसांशिवाय येणार नव्हता.

इथं मी जो मार्ग सुचवला तो या प्रकरणातला माझा दुसरा कच्चा निर्णय होता. मुहूर्त गाठायचा म्हणून ताबा ठरल्या दिवशी द्यायचा, माग पंधरा दिवस शेडमध्ये ठेवायची परवानगी घेणाऱ्यांनी लेखी द्यायची, माग काढण्याचा खर्च आणि फरशीची दुरुस्ती अक्कांकडे, आणि त्यापोटी अक्कांचा ५० हजारांचा चेक माझ्याकडे राहील. कागद व्यवस्थित होता. पण माग ओढून बाहेर काढणारी माणसं कोणत्या वाटेनं जातील, हे त्यात लिहिलं नव्हतं.

पुढे काय झालं

वहीची पानं टाइप करून खरेदीखताला परिशिष्ट म्हणून जोडली, प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या. खरेदीखत ठरल्या दिवशी नोंदवलं. ताब्याच्या आदल्या संध्याकाळी प्लंबर आला, मोटार परत बसवली, बाराशे रुपये घेतले. ते मुलानं दिले. टाकी कट्ट्यावर चढली. तृतीयेला सकाळी गृहप्रवेश झाला आणि अक्कांनी स्वतः बाईंची ओटी भरली.

माग निघाले अकराव्या दिवशी. चार मागांचे एक लाख आठ हजार आले. भंगारवाल्याच्या माणसांनी जागेवरच मोठे भाग सुटे केले, पण सांगाडे परसातून पहारीनं सरकवत आणले. त्यात शहाबादीच्या नऊ फरश्या फुटल्या आणि वृंदावनाचा एक कोपरा टवकला. बाई शाळेतून आल्या तर तुळशीच्या कुंडात दगडाचा चुरा. त्यांनी मला फोटो पाठवले, सोबत एक ओळ: “फरशीचं सोडा, पण अक्कांना हे सांगू नका.”

सांगावं लागलंच. फरशी आणि कोपरा मिळून चौदा हजारांचा खर्च आला. अक्कांनी तो एका फोनवर मान्य केला, मी चेक परत केला. शेडच्या जमिनीत मागांचे बोल्ट अजून तसेच आहेत. पाया फोडायचा खर्च जोडप्यानं सध्या पुढे ढकलला आहे, गाडी त्यांच्यावरूनच आत जाते.

वेगळं काय करता आलं असतं

यादी विसाराच्या दिवशीच व्हायला हवी होती. तेव्हा घर विकायची आणि घ्यायची दोघांनाही हौस असते, भाव अजून हलता असतो, एखादी मोटार इकडे किंवा तिकडे गेली तर कोणाच्या मानापर्यंत जात नाही. वस्तू निघून टेम्पोत चढल्या की प्रत्येक स्क्रू इभ्रतीचा होतो. आता मी विसारपावतीसोबतच तीन रकान्यांचा कागद देतो आणि तो भरून आल्याशिवाय साठेखताचा मसुदा करत नाही. ते जुनं वाक्य अजूनही घालतो, पण त्याच्याखाली ‘परिशिष्टात नमूद वस्तूंसह, व परिशिष्टात वगळलेल्या वस्तू सोडून’ असं जोडतो. कलम ८ स्वतःच म्हणतं की वेगळा इरादा दिसत असेल तर तो चालेल. मग इरादा लिहूनच ठेवावा.

सोलापूरपुरतं सांगायचं तर पाण्याला वेगळं पान द्यावं. हौद, त्याचं झाकण, मोटार, बोअरमधली मोटार आणि तिचा स्टार्टर, टाक्या किती आणि किती लिटरच्या, नळजोड कोणाच्या नावावर. आणि शक्य तर घर पाण्याच्या दिवशीच बघावं.

पुण्यातला मुलगा आणि भिवंडीतली मुलगी विसाराला नव्हते. सातबारा किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नाव नसलं तरी वस्तूंवर त्यांचा हक्काचा जीव असतो, आणि घर रिकामं करायला बहुतेक वेळा तेच येतात. मुलाला यादी फेब्रुवारीत दिसली असती तर त्यानं मोटारीचे पैसे किमतीतच मागून घेतले असते, आणि मला वाटतं, जोडप्यानं ते दिलेही असते.

मागांसारखी अवजड वस्तू ताब्याआधी निघाली पाहिजे. निघत नसेल तर ताबा पुढे गेला तरी चालेल. मुहूर्तच गाठायचा असेल तर कलश ठेवावा, पूजा करावी, आणि किल्ली नंतर घ्यावी. परवानगीचा कागद करायचीच वेळ आली तर वाट कोणती, फरशीवर फळ्या कोण टाकणार, काम चालू असताना दोन्हीकडचं कोण हजर राहणार, हे लिहावं. त्या अकराव्या दिवशी दुपारी घरात फक्त बाईंचे सासरे होते, आणि त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

नावाची पाटी गवंड्यानं छिन्नीनं चारी बाजूंनी सोडवून अखंड काढली. तिच्या जागी दीड फुटाचा चौकोन अजून कोरा आहे. बाईंनी तिथं स्वतःची पाटी करायला टाकली आहे, यावेळी स्क्रूवर बसणारी.